अतिलघुकथा : पैठण–औरंगाबाद परिसरातील परंपरा

अतिलघुकथा : चारदोन ओळींपासून फार तर पानभर मजकुरात पूर्ण होणारा कथाप्रकार. ‘लघुतम कथा’ हे त्याचे दुसरे नाव. अलीकडे ‘अति लघु कथा’ या शब्दांच्या आद्याक्षरांवरून ‘अलक’ असेही म्हणतात. मराठीत ‘लघुकथा’ हा शब्द मासिकाची आठदहा पाने व्यापणाऱ्या कथेसाठी रूढ झाल्यामुळे तिच्याहून लहान प्रकारास वेगळे नाव शोधावे लागले. हिंदीत नेमके उलट घडले. तेथे नेहमीच्या कथेस ‘कहानी’ म्हणतात आणि ‘लघुकथा’ ही संज्ञा अतिलघू प्रकारासाठी वापरतात. उर्दूत कथेस ‘अफसाना’ व अतिलघुकथेस ‘अफसानचा’ अशी नावे आहेत. त्यातील ‘चा’ हा फार्सी लघुत्ववाचक प्रत्यय होय. ‘बगीचा’ आणि ‘गालिचा’ या शब्दांमुळे तो मराठी भाषकांच्या नित्य परिचयाचा आहे.

शब्दसंख्येची मर्यादा घालून या प्रकाराची व्याख्या करण्याचे प्रयत्न झाले आहेत. परंतु ते फारसे उपयोगाचे नाहीत. विनोदी चुटका, सुभाषित, आठवण, वर्तमानपत्रातील त्रोटक बातमी हेही थोडक्यात असतात. त्यांस कोणी कथा म्हणत नाही. कथा होण्यासाठी काही घडावे लागते आणि त्या घडण्यामुळे कोणाची तरी स्थिती पालटावी लागते. अतिलघुकथेत हे घडणे बव्हंशी न सांगता सूचित करावयाचे असते. यामुळे या प्रकारातील खरी अडचण शब्द कमी करण्याची नसून, वाचकावर किती सोपवावे व कितपत सोपवावे नाही, हे ठरविण्याची आहे. अर्थ कथेच्या बाहेर ठेवावा की कथेच्या शेवटी सांगून टाकावा, या प्रश्नाची दोन परस्परविरुद्ध उत्तरे गोदावरीच्या काठी, पैठण परिसरात, फार पूर्वीच दिली गेली. त्यामुळे मराठीतील अतिलघुकथेचा विचार करताना छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद, नामांतर २०२३) जिल्ह्यातील या जुन्या राजधानीपासून आरंभ करणे सोयीचे ठरते.

पैठण म्हणजे प्राचीन प्रतिष्ठान ही सातवाहनांची राजधानी. कथनाच्या आकाराविषयीच्या दोन आख्यायिका या नगरीशी निगडित आहेत. पहिली गुणाढ्याच्या बृहत्कथेची. काश्मीरच्या सोमदेवाने अकराव्या शतकात रचलेल्या कथासरित्सागरात ती येते. सातवाहन राजाच्या पदरी असलेल्या गुणाढ्याने, राजाला व्याकरण किती काळात शिकविता येईल या पैजेत हरल्यावर, संस्कृत, प्राकृत व देशभाषा या तिन्हींचा त्याग केला. मग पैशाची भाषेत, स्वतःच्या रक्ताने, सात लक्ष श्लोकांची कथा लिहिली. राजाने ती नाकारली. तेव्हा गुणाढ्याने रानात अग्नी पेटवून एकेक पान पशुपक्ष्यांस वाचून दाखवावे व ते जाळावे, असा क्रम आरंभिला. राजास पश्चात्ताप होऊन तो धावत आला तोवर सहा लक्ष श्लोक भस्म झाले होते. एक लक्ष उरले. मूळ बृहत्कथा आज उपलब्ध नाही, आणि या कथेस इतिहास मानण्याचे कारण नाही. तथापि एका अतिविस्तृत कथेचा अंश तेवढा शिल्लक राहतो आणि त्यातूनच पुढील संस्कृत कथावाङ्मय निर्माण होते, ही कल्पना लक्षणीय आहे.

दुसरी आख्यायिका हाल सातवाहनाच्या गाथासप्तशतीची. या संग्रहाच्या आरंभीच, हालाने एक कोटी गाथांमधून सातशे निवडल्याचे सांगितलेले आहे. गुणाढ्याची कथा आगीने लहान झाली. हालाचा संग्रह निवडीने. एक कोटी ही संख्या अर्थातच अतिशयोक्तीची आहे. संग्रहाचा गाभा सामान्यतः इ. स. पहिल्या शतकातील मानतात. मात्र भाषेवरून पाहता त्यात पुढील काही शतके भर पडत गेली असावी. जर्मन पंडित आल्ब्रेख्त वेबर याने एकोणिसाव्या शतकात निरनिराळ्या पाठपरंपरा एकत्र केल्या, तेव्हा एकूण ९६४ गाथा भरल्या आणि त्यांपैकी सर्व परंपरांस समान अशा फक्त ४३० निघाल्या. मराठीत स. आ. जोगळेकर यांनी १९५६ मध्ये तिची सविस्तर आवृत्ती सिद्ध केली.

गाथासप्तशती हे मुक्तक काव्य आहे, कथासंग्रह नव्हे. परंतु तिच्यातील कित्येक गाथांचा घाट कथेचा आहे. गाथेच्या पूर्वार्धात तीस व उत्तरार्धात सत्तावीस मात्रा असतात. एवढ्या सत्तावन्न मात्रांत एक बोलणारी व्यक्ती, एक ऐकणारी व्यक्ती, त्यांच्यातील पूर्वसंबंध आणि त्या क्षणी पालटणारे काहीतरी, इतके सामावलेले असते. पात्रे गावातली : शेतकऱ्याची सून, प्रवासाला निघालेला नवरा, शेजारीण, पाटील, दीर, वाटसरू. त्यांना नावे नाहीत. ऋतू सांगितला, की प्रवासी परतणार की नाही हे कळते. पीक सांगितले, की भेटीची जागा राहिली की गेली हे कळते. श्रोत्यांना शेतीचे वर्ष ठाऊक होते म्हणूनच हे शक्य झाले. अतिलघू कथनास अशी सामायिक माहितीची भांडवलशिल्लक लागते. ती नसेल तेथे लेखकास स्पष्टीकरण करावे लागते आणि स्पष्टीकरण आले की लघुत्व गेले.

ही शिल्लक काळाच्या ओघात संपली, तेव्हा टीकाकारांचे काम सुरू झाले. गाथासप्तशतीवरील टीकांत बहुतेक गाथांपूर्वी एक प्रास्ताविक वाक्य आढळते : अमुक स्त्री आपल्या सखीस उद्देशून म्हणते; दूती नायकास सुचविते; कोणी कुलटा जाराला ऐकू जाईल अशा बेताने सासूशी बोलते. हे वक्ता-श्रोते मूळ गाथेत नाहीत. एकाच गाथेस दोन टीकाकार दोन निरनिराळे प्रसंग जोडतात आणि दोन्ही बसतात. टीकाकारांचा कल शृंगाराकडे व त्यातही चोरट्या शृंगाराकडे इतका आहे, की साध्या गृहकृत्याच्या गाथेतही त्यांना संकेतस्थळ दिसते. हा अतिरेक होय. पण तो करण्यास गाथेने मोकळीक ठेवली आहे, हेही खरे.

या मोकळिकीची शास्त्रीय चिकित्सा पैठणपासून दूर, काश्मिरात झाली. नवव्या शतकात आनंदवर्धनाने ध्वन्यालोकात ध्वनीची उदाहरणे देताना प्राकृत गाथांचा आधार घेतला. त्यांतील सर्वांत गाजलेल्या गाथेत एक स्त्री फुले वेचायला येणाऱ्या धार्मिक माणसास निर्धास्त हिंडावयास सांगते. कारण त्याला त्रास देणारा कुत्रा गोदाकाठच्या कुंजातील सिंहाने मारला आहे. वरवर पाहता ही परवानगी आहे. वास्तविक तो मनाईहुकूम आहे : कुत्र्याला भिणारा माणूस सिंह असलेल्या जागी पाऊल टाकणार नाही, आणि त्या बाईच्या भेटीची जागा निर्वेध राहील. गाथेत तिच्या प्रियकराचा उल्लेख नाही, तिच्या हेतूचा नाही, सिंह खरोखर आहे की नाही याचाही नाही. आनंदवर्धनाच्या मते विधिरूप वाच्यार्थातून निषेधरूप व्यंग्यार्थ निघणे ही शब्दाची स्वतंत्र शक्ती होय. अकराव्या शतकात महिमभट्टाने व्यक्तिविवेकात हेच उदाहरण घेऊन उलट प्रतिपादन केले. ही काही वेगळी शक्ती नव्हे, हे साधे अनुमान आहे, धूर दिसल्यावर अग्नी ताडावा तसे. वाद अलंकारशास्त्राचा असला तरी अतिलघुकथेचा मूळ प्रश्न त्यात नेमका पकडला आहे. न सांगितलेला अर्थ लेखकाने शब्दांत पेरलेला असतो, की वाचक तो पुराव्यावरून जुळवितो? पहिले मत स्वीकारले तर कथा फसण्याचा दोष लेखकाचा. दुसरे स्वीकारले तर पुरावा पुरेसा ठेवणे एवढीच लेखकाची जबाबदारी. दोन ओळींच्या गोदाकाठच्या एका प्रसंगाने काश्मिरी पंडितांस दोन शतके गुंतवून ठेवावे, यातच या प्रकाराच्या आकर्षणाचे मर्म आहे.

पैठण परिसराने दिलेले दुसरे उत्तर बाराशे वर्षांनंतरचे आणि गद्यातले आहे. महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधर यांचा तेराव्या शतकातील संचार गोदावरीच्या दोन्ही तीरांवर झाला. पैठण व वेरूळ येथील त्यांच्या वास्तव्याच्या पुष्कळ आठवणी लीळाचरित्रात आहेत. चक्रधरांच्या पश्चात म्हाइंभटाने त्या आठवणी ज्यांनी पाहिल्या वा ऐकल्या, त्यांच्याकडे जाऊन गोळा केल्या (सु. १२७८). लीळाचरित्र हा मराठीतील आद्य गद्य ग्रंथ मानला जातो. त्यातील एकेक ‘लीळा’ अनेकदा पाचदहा वाक्यांचीच आहे. कोण, कोठे, काय विचारले, गोसावी काय म्हणाले, संपले. वर्णन जवळजवळ नाही.

या लीळांतून चक्रधरांनी सांगितलेले दृष्टांत वेगळे काढून केशिराजबास किंवा केशोबास याने दृष्टांतपाठ हा ग्रंथ सिद्ध केला. त्यात ११४ दृष्टांत आहेत. प्रत्येकाचे तीन भाग पडतात. प्रथम सूत्र म्हणजे चक्रधरांचे तत्त्ववचन. मग दृष्टांत म्हणजे गोष्ट. अखेरीस दार्ष्टांतिक म्हणजे त्या गोष्टीचा सूत्राशी जुळविलेला अन्वय. सूत्र व दृष्टांत चक्रधरांचे आणि दार्ष्टांतिक केशोबासाचे, असे सामान्यतः मानले जाते. म्हणजे येथे गाथेच्या उलट व्यवस्था आहे. अर्थ वाचकावर सोडलेला नाही. गोष्टीच्या अलीकडे एक व पलीकडे एक असे दोन रक्षक उभे करून तिला भलतीकडे जाण्यापासून रोखले आहे.

ही खबरदारी समजण्यासारखी आहे. गुरू गेले होते, त्यांचे शब्द तेवढे मागे राहिले होते. शब्द हरवणे म्हणजे गुरू दुसऱ्यांदा हरवणे, अशी त्या मंडळींची भावना दिसते. नागदेवाचार्यांभोवती जमलेल्या शिष्यपरिवारात संस्कृतज्ञ होते तशाच निरक्षर वृद्ध स्त्रियाही होत्या. केशोबासाने संस्कृतात लिहू नये, कारण त्यामुळे या म्हाताऱ्या वंचित होतील, असे नागदेवाचार्यांनी बजावल्याची आठवण स्मृतिस्थळात नोंदलेली आहे. गुणाढ्याने पैजेपायी संस्कृत सोडली होती. केशोबासाने ती सोडली ती समोर बसलेल्या श्रोत्यांसाठी. ज्यांना पोथी वाचता येत नाही त्यांना गोष्ट पाठ करावी लागते आणि पाठ होण्यासाठी ती आखूड असावी लागते. पुढे धामधुमीच्या काळात लीळाचरित्राची मूळ पोथी नष्ट झाली व स्मरणाच्या आधारे निरनिराळे पाठ पुन्हा सिद्ध करण्यात आले, अशी पंथाची परंपरा आहे. लघुत्व हे येथे कलेचे तंत्र नव्हते. टिकून राहण्याचा तो उपाय होता.

तरीही दृष्टांतपाठातील गोष्टी निव्वळ कथा म्हणून वाचल्या तर त्यांची बांधणी थक्क करणारी आहे. एका दृष्टांतात एक कठिया, म्हणजे देवळाची झाडलोट व सेवा पाहणारा साधक, देवतेची मनोभावे सेवा करतो. येणारेजाणारे त्याची वाखाणणी करतात. ती त्याला गोड लागते आणि सेवा तिच्यासाठी होऊ लागते. परिणामी देवतेचे फळ त्याला लाभत नाही, कीर्तीचे लाभते. येथे शिक्षा नाही, शाप नाही, देवतेचा कोपही नाही. कठियाला त्याने मागितले तेच मिळाले आहे. सेवेच्या कृतीत बाहेरून काहीही बदललेले नाही. झाडू तोच, देऊळ तेच. बदल त्याच्या मनात, लोकांच्या दोन स्तुतिवाक्यांच्या दरम्यान झाला आहे, आणि तो झाल्याचे त्याला स्वतःला कळलेले नाही. आधुनिक कथाकाराला यासाठी दहा पाने लागली असती आणि त्यांतील निम्मी देवळाच्या वर्णनात गेली असती. आंधळ्यांनी हत्ती चाचपडण्याची गोष्टही दृष्टांतपाठात आहे. ती पाली उदानात फार पूर्वी आलेली; चक्रधरांनी ती देशी केली, सूप-मुसळाच्या घरगुती उपमांनी.

या दृष्टांतांत दार्ष्टांतिक कधी कधी गोष्टीपेक्षा अरुंद पडते. गोष्ट जितके सांगते त्यातले सूत्रापुरते तेवढे उचलले जाते व बाकीचे तसेच राहते. हे उरलेले म्हणजेच कथा, असे म्हणता येईल. महानुभाव वाङ्मयाच्या अभ्यासाला मराठवाड्यात, विशेषतः १९५८ मध्ये औरंगाबादला विद्यापीठ स्थापन झाल्यानंतर, चालना मिळाली. त्या विद्यापीठातील यू. म. पठाण यांनी या वाङ्मयाचा दीर्घ व्यासंग केला. मात्र दृष्टांतांचा विचार प्रामुख्याने तत्त्वज्ञान व भाषा या अंगांनी होत आला आहे. कथनाच्या अंगाने तो कमी झाला.

एकनाथांची (१५३३–९९) भारुडे याच पैठणची. परंतु ती सादर करावयाची असल्याने सोंग, हावभाव व प्रेक्षकांचा प्रतिसाद यांवर उभी आहेत आणि त्यांचा विचार नाट्याच्या अंगाने करणेच योग्य. स्त्रियांच्या व्रतकहाण्यांचा उल्लेख मात्र अवश्य केला पाहिजे. साठ उत्तरांची कहाणी पाच उत्तरांत पुरी करीत असल्याचे वचन कहाणीच्या शेवटी उच्चारण्याची प्रथा आहे. संक्षेप हा सांगणारीचा गुण असून तो ऐकणारणीच्या पदरात पुण्यासह पडतो, अशी ही समजूत आहे. संक्षेपाचे इतके उघड कौतुक अन्य कथाप्रकारांत क्वचितच आढळेल.

छापखान्याच्या आगमनानंतर लहान गोष्टीचा मराठीतील दर्जा घसरला. तंजावर येथे १८०६ मध्ये बालबोध मुक्तावली हे इसापाच्या गोष्टींचे मराठी भाषांतर छापले गेले. मुंबईत सदाशिव काशीनाथ छत्रे यांचे इसपनीतिकथा १८२८ मध्ये निघाले. शालेय पुस्तकांतून या गोष्टी रुजल्या, त्या ‘तात्पर्य’ या शब्दासह. तात्पर्य हे दार्ष्टांतिकाचे काम करते. पण दार्ष्टांतिकामागे एक संपूर्ण दर्शन उभे होते, तात्पर्यामागे शाळामास्तर. अर्ध्या पानाची गोष्ट म्हटली की ती मुलांची आणि शेवटी शिकवण देणारी, अशी वाचकांची धारणा झाली. पुढे ह. ना. आपटे यांनी करमणूक (१८९०) या साप्ताहिकातून स्फुट गोष्टींना प्रौढ वाचक मिळवून दिला. मनोरंजनच्या १९०९ मधील दिवाळी अंकापासून दिवाळी अंकांची प्रथा पडली आणि कथा लांबत गेली. अंकात मानाची पाने दीर्घ कथेला. अतिलघुकथेच्या वाट्याला आली ती पानाच्या तळाशी उरलेली जागा व तिच्याभोवती घातलेली चौकट. पानपूरक म्हणून छापलेला मजकूर पानपूरक म्हणूनच वाचला जातो.

वि. स. खांडेकर यांनी १९४० नंतरच्या दशकात रूपककथा हा प्रकार हेतुपूर्वक हाताळला. फूल, पतंग, दीप, पाषाण यांना बोलके करून लिहिलेल्या या छोट्या कथांवर खलील जिब्रानच्या लेखनाचा संस्कार होता. त्यांना मोठा वाचकवर्ग लाभला. तथापि त्यांतील पुष्कळ कथांत कल्पनेची सजावट आशयापेक्षा जड होते आणि तात्पर्य मागच्या दाराने परत येते. खांडेकरांना हे तंत्र सापडले होते. त्यांचा स्वभाव मात्र कमी बोलण्याचा नव्हता.

मराठी भाषकाने अन्य भाषेत केलेला एक प्रयोग येथे नमूद करण्याजोगा आहे. माधवराव सप्रे (१८७१–१९२६) हे मराठीभाषी हिंदी संपादक. दासबोध व टिळकांचे गीतारहस्य यांची हिंदी भाषांतरे त्यांनी केली. ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही त्यांची छोटी कथा १९०१ मध्ये छत्तीसगढ मित्र या मासिकात प्रसिद्ध झाली. हिंदीतील पहिल्या कथांमध्ये तिची गणना होते आणि काही अभ्यासक तिच्याकडे हिंदी लघुकथेचा आरंभ म्हणूनही पाहतात. जमीनदाराने बळकावलेल्या झोपडीतील एक टोपली माती मागणाऱ्या विधवेची ही गोष्ट आहे. टोपली उचलता न येणे एवढीच तिच्यातील घटना.

अन्य देशांतही या प्रकाराला बरेचदा वृत्तपत्रातील जागेच्या टंचाईनेच जन्म दिला. चेकॉव्हने आरंभी विनोदी साप्ताहिकांसाठी ओळी मोजून कथा लिहिल्या. फ्रान्समध्ये फेलिक्स फेनेओं याने १९०६ मध्ये एका दैनिकासाठी अपघात, आत्महत्या व चोऱ्यांच्या बातम्या तीन-तीन ओळींत अशा बांधल्या, की त्या वाङ्मय ठरल्या. जपानच्या यासुनारी कावाबाताने तळहातावर मावतील अशा शंभराहून अधिक कथा आयुष्यभर लिहिल्या, आणि ग्वातेमालाच्या आउगुस्तो मोन्तेर्रोसोची १९५९ मधील एका वाक्याची कथा जगप्रसिद्ध आहे. अर्नेस्ट हेमिंग्वेच्या नावावर सांगितली जाणारी सहा शब्दांची गोष्ट मात्र त्याने लिहिल्याचा पुरावा नाही.

भारतीय उपखंडात अतिलघुकथेला अत्यंत गंभीर प्रयोजन मिळाले ते फाळणीच्या वेळी. सआदत हसन मंटो याचा सियाह हाशिये हा संग्रह १९४८ मध्ये लाहोरहून प्रसिद्ध झाला. त्यातील काही कथा एकदोन ओळींच्याच आहेत. दंगलीतील लूट, खून व चुकून झालेले खून यांची ती कोरडी टिपणे आहेत. मारेकऱ्यांची नावे नाहीत, धर्मही बहुधा संदर्भानेच कळतो. मंटोने प्रेतांवर विनोद केले, असा आक्षेप प्रगतिवादी गोटातून घेण्यात आला आणि त्याने तो मनाला लावून घेतला. आक्षेप घेणाऱ्यांना लेखकाचे दुःख पानावर हवे होते. मंटोने ते काढून टाकले होते. वाचकाला त्या घटनेसमोर एकटे उभे करण्याचा दुसरा मार्ग त्याला दिसत नसावा. दार्ष्टांतिक नसलेल्या कथेवर निर्दयतेचा आरोप किती सहज येतो, याचे हे उदाहरण होय.

फाळणीच्या या वारशाचा औरंगाबादशी संबंध जोगिंदर पॉल (१९२५–२०१६) या उर्दू कथाकारामुळे आला. त्यांचा जन्म सियालकोटचा. फाळणीत कुटुंब अंबाल्यास आले. विवाहानंतर ते केनियात नैरोबी येथे गेले व तेथे इंग्रजीचे अध्यापन केले. साठोत्तर दशकात भारतात परतल्यावर ते औरंगाबादला आले आणि सरस्वती भुवन महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. १९७८ च्या सुमारास ते दिल्लीस स्थायिक झाले. मातृभाषा पंजाबी, अध्यापनाची भाषा इंग्रजी, लेखनाची उर्दू आणि भोवतालची मराठी, अशा चार भाषांच्या संगमावर त्यांची औरंगाबादची वर्षे गेली. शहर उर्दूला परके नव्हते. सिराज औरंगाबादी (अठरावे शतक) याची कबर येथे आहे. मौलवी अब्दुल हक यांच्या काळात अंजुमन तरक्की-ए-उर्दू या संस्थेचे मुख्यालय १९३८ पर्यंत येथेच होते. दोन ओळींच्या शेरात अख्खी कैफियत मांडण्याची सवय असलेल्या श्रोत्यांना अफसानचा समजावून सांगावा लागत नाही.

पॉल यांचा सिलवटें हा अफसानच्यांचा संग्रह १९७५ मध्ये, म्हणजे त्यांच्या औरंगाबादच्या वास्तव्यात निघाला. पुढे कथानगर (१९८६) व परिंदे (२०००) हे आणखी दोन आले. त्यांनी कादंबऱ्या व नेहमीच्या आकाराच्या कथाही भरपूर लिहिल्या. परंतु उर्दूत अफसानच्याला स्वतंत्र प्रकार म्हणून प्रतिष्ठा मिळाली, तीत त्यांचा वाटा मोठा आहे. मंटोची टिपणे एका संहाराभोवती गोळा झालेली आहेत. पॉल यांनी हाच आकार शांततेच्या काळातील जगण्याकडे, वार्धक्य, एकटेपणा, स्थलांतर व शहरी व्यवहार यांच्याकडे वळविला. संवाद हे त्यांचे मुख्य साधन. दोन माणसे बोलतात आणि एकाच्या उत्तराने आधीचा प्रश्नच वेगळा दिसू लागतो. गाथेतील वक्ता-श्रोत्यांची जोडी येथे, कोणताही प्रत्यक्ष दुवा नसताना, पुन्हा भेटते. उणीवही सांगितली पाहिजे. शेवटच्या ओळीतील कलाटणीवर विसंबलेला अफसानचा दुसऱ्यांदा वाचल्यावर फिका पडतो; पॉल यांचेही सगळे अफसानचे यातून सुटलेले नाहीत, आणि त्यांच्या अनुकरणाने लिहिणाऱ्यांचे तर थोडेच सुटले. कठियाची गोष्ट कितीही वेळा ऐकली तरी उणी होत नाही, कारण तिच्यात कलाटणी दडवून ठेवलेली नाही; ती डोळ्यांदेखत घडते.

लेखनाच्या दृष्टीने या प्रकारातील काही अडचणी सर्वत्र समान दिसतात. शीर्षक हे येथे कथेचाच भाग होते व कधी कधी अर्धी कथा तेच सांगते. पात्राला नाव दिल्यास जात, प्रांत व पिढी आपोआप कळतात, म्हणून नाव हा सर्वांत स्वस्त तपशील; पण त्याच कारणाने तो सर्वांत पक्षपातीही ठरतो. विशेषण बहुधा निरुपयोगी असते. काळ पालटल्याचे दाखविणे कठीण जाते, म्हणून पुष्कळ लेखक एकाच क्षणात अडकून पडतात व कथेऐवजी चित्र देतात. लांब कथेत एखादे कच्चे वाक्य खपून जाते. येथे एकूण वाक्येच आठदहा. त्यांतले एक कच्चे म्हणजे इमारतीचा खांब कच्चा.

मराठीत २०१० नंतरच्या दशकात, भ्रमणध्वनीवरील संदेशांच्या सोयीमुळे, अलक या नावाने हा प्रकार एकदम फोफावला. त्याच्या स्पर्धा झाल्या, संग्रह निघाले. गृहिणी, निवृत्त शिक्षक, डॉक्टर, बँकेतील कर्मचारी असे पूर्वी कथा न लिहिणारे असंख्य लोक लिहिते झाले. वृद्धाश्रम, सासू-सून, गरिबाचा प्रामाणिकपणा यांसारखे ठरीव विषय व डोळ्यांत पाणी आणणारा शेवट यांचे प्राबल्य त्यात मोठे आहे. तात्पर्य आता वेगळे लिहिलेले नसते, ते शेवटच्या वाक्यात विरघळविलेले असते. चांगल्या अलक तुलनेने थोड्या असल्या तरी आहेत आणि त्या बहुधा अशा विषयांवर आहेत, ज्यांविषयी घरात मोकळेपणाने बोलले जात नाही. या लेखनाचे संकलन करणाऱ्यांपुढे एक व्यावहारिक अडचण मात्र कायम आहे. कथा हातोहात पुढे जाताना लेखकाचे नाव प्रथम गळते, मग एखादा शब्द बदलतो, कधी दुसरेच नाव जोडले जाते. गाथासप्तशतीच्या हस्तलिखितांतही अनेक गाथांचे कर्तृत्व पोथीगणिक बदलते. रेवा, माधवी, अनुलक्ष्मी, शशिप्रभा या कवयित्रींची नावे टिकली आहेत, पण त्यांच्या म्हणून नेमक्या किती गाथा धराव्यात, याविषयी पोथ्यांत एकवाक्यता नाही.